डिस्क १०० टक्के, सीपीयू ९० टक्के, कोरल हलत नाही. पाठीमागे नक्की कोण खातंय?

छपाईवाला
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे, लग्नसराई तोंडावर आलीय आणि नेमका आत्ताच पीसी बसलाय. मशीन म्हणजे आय५ चौथी जनरेशन, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर कोरल (डिझाइनचं सॉफ्टवेअर), फोटोशॉप, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, प्रिंटरचं त्याचं त्याचं एक सॉफ्टवेअर, आणि फाँट म्हणाल तर वडिलांच्या काळापासून जमवलेले हजारोंनी आहेत.

सकाळी दुकान उघडून चालू केलं की बराच वेळ माउस सोडून काही हलत नाही. टास्क मॅनेजर उघडला की डिस्क १०० टक्के लालभडक, सीपीयू ७० ते ९०. दुपारी जरा बरं असतं पण मोठ्या फ्लेक्सची फाइल सेव्ह केली रे केली की परत तेच, कोरल पांढरं पडतं आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसलेलं असतं हो. व्हिडिओ बघून सिसमेन (नेहमीचे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी विंडोजची सर्व्हिस) बंद केलं, अपडेट पण बंद केलं, काडीचा फरक नाही. मेकॅनिक म्हणतो फॉरमॅट मारू. पण जुन्या पत्रिकांच्या फायली सगळ्या यातच आहेत, लोक "मोठीच्या लग्नात केली होती तशीच करा" म्हणत येतात, त्यामुळे आधी कळायला पाहिजे की झालंय काय. कोण खातंय ते शोधायचं कसं?

अण्णा_बार्शी
एसएसडी टाका. बाकी काही करू नका. ८ जीबी रॅम आहे म्हणजे पळेल मस्त.

सरकिट
अण्णांचं शेवटी बरोबरच ठरेल बहुतेक, पण छपाईवाले भाऊ, आधी बघून घ्या, कारण एसएसडी टाकून सीपीयूचा प्रश्न सुटेलच असं नाही आणि डिस्क जर मरायला टेकली असेल तर घाई वेगळ्या कारणाने करावी लागेल.

पहिली गोष्ट, तो १०० टक्के आकडा काय सांगतो ते नीट समजून घ्या. डिस्कने किती माल वाहिला ते तो सांगत नाही. त्या सेकंदात किती वेळ डिस्कच्या हातात काही ना काही काम होतं, एवढंच सांगतो. ७२०० आरपीएमची डिस्क असेल तर एक फेरा पूर्ण व्हायला ८ मिलिसेकंदांच्या थोडं वर लागतात, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद, वर हेड सरकायला अजून ८-९. म्हणजे एका वाचनाला साधारण १२-१३ मिलिसेकंद झाले, सेकंदाला जेमतेम ८० वाचनं. प्रत्येक वाचन ४ केबीचं धरलं तर सेकंदाला ३०० केबी आणि वर थोडं. तीच डिस्क एक मोठी फाइल सरळ रेषेत वाचताना १०० एमबीच्या पुढे जाते! पण चार प्रोग्रॅम चार कोपऱ्यातल्या बारक्या बारक्या फायली मागायला लागले की हेड नुसतं इकडून तिकडे पळत राहतं, १०० टक्के बिझी आणि प्रत्यक्षात वाहतूक १ एमबी पण नाही. सीपीयू कितीही भारी घ्या, तो डिस्ककडे बघत बसणार.

तर आता काय बघायचं. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा, खाली 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' येतो तो सांगा. मग त्याच पानावरून रिसोर्स मॉनिटर उघडा, डिस्कच्या टॅबमध्ये 'डिस्क ॲक्टिव्हिटी' उघडली की कुठला प्रोग्रॅम कुठली फाइल वाचतोय ते फाइलच्या नावासकट दिसतं. टास्क मॅनेजरमध्ये हे कळत नाही, खरी माहिती इथेच आहे. सकाळी चालू केल्या केल्या एकदा आणि मोठी फाइल सेव्ह करताना एकदा, दोन्ही वेळचं फोटो काढून लिहा. तोवर अजून कुठलीही सर्व्हिस बंद करू नका, आणि अपडेट परत चालू करून ठेवा.

गुरुजी_मावळ
वाचतोय. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये हाच प्रकार आहे, एकदम सगळी मशीनं सकाळी पहिल्या तासाला अडकतात. ४ जीबी रॅम आहे सगळ्यांना.

सरकिट
गुरुजी, ४ जीबीवर विंडोज १० आणि ब्राउझर म्हटल्यावर रॅम संपते आणि विंडोज डिस्कवरची पेजफाइल रॅमसारखी वापरायला लागतं. रिसोर्स मॉनिटरच्या मेमरी टॅबमध्ये 'हार्ड फॉल्ट्स पर सेकंद' बघा. तो आलेख कायम उंच असेल तर डिस्क बिचारी रॅमचं काम करतेय, तिथे आधी रॅम वाढवा. मुलांनी दहा टॅब उघडले नाहीत तरी एवढ्या रॅममध्ये होणारच हे.

छपाईवाला
केलं सगळं सांगितल्याप्रमाणे. सरकिट दादा, रिस्पॉन्स टाइम सकाळी ३०० ते ५०० मिलिसेकंद, मधेच एकदम ३०००च्या वर उडी मारतो. डिस्क १०० टक्के पण वेग १ ते दीड एमबी.

सकाळच्या यादीत अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल आहे, सर्च इंडेक्सर आहे, त्याच्यापुढे विंडोज डॉट ईडीबी अशी एक भली मोठी फाइल, मग एक पीसी क्लीनर आहे जो भाच्याने टाकून दिला होता, आणि क्लाउड बॅकअपचं सॉफ्टवेअर. सेव्ह करताना तर एकाच सीडीआर (म्हणजे कोरलच्या) फाइलचं नाव चार-चार वेळा दिसतं, वेगवेगळ्या प्रोग्रॅमच्या पुढे. आणि 'बॅकअप ऑफ' असं नाव लागलेली दुसरी फाइल, ती पण तितक्याच वेळा.

नीलांबरी
नमस्कार, मी इथे नेदरलँड्समध्ये सर्व्हर सांभाळते, घरच्या पीसीपासून लांब वाटेल पण हा नेमका माझा रोजचा विषय आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या त्या एका ओळीत सगळं आलंय की एकच फाइल चार प्रोग्रॅमच्या पुढे दिसते. बघा काय होतं. तुम्ही ३०० एमबीची फ्लेक्सची फाइल सेव्ह केली. कोरल ती लिहितं, शिवाय आधीची प्रत 'बॅकअप ऑफ' नावाने ठेवतं, झाल्या दोन फायली. फाइल लिहून झाली की विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर, म्हणजे तुमच्या यादीतलं अँटीमालवेअर, त्याचं रिअल टाइम संरक्षण ती तपासायला घेतं, कारण बदललेली फाइल तपासणं हेच त्याचं काम. इंडेक्सर म्हणजे सर्चसाठी फायलींची यादी बनवणारा, त्याला एनटीएफएसच्या (विंडोजच्या डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीच्या) बदलांच्या नोंदवहीतून कळतं की या फोल्डरमध्ये काहीतरी बदललं, तो उघडून बघतो आणि आपल्या डेटाबेसमध्ये म्हणजे त्या ईडीबी फाइलमध्ये लिहितो. क्लाउड बॅकअप म्हणतं फाइल बदलली, वर पाठवली पाहिजे, म्हणून ते ती वाचतं. आणि क्लीनर सगळी डिस्क चाळत फिरतोय तो वेगळाच. यातला प्रत्येक प्रोग्रॅम एकटा असता तर तुम्हाला कळलंही नसतं. चौघं एकाच वेळी एकाच डिस्कवर चार जागा मागतात तेव्हा सरकिटनी सांगितलेली हेडची पळापळ होते. आणि तेवढ्यात तुम्ही परत कंट्रोल एस दाबता, की सगळं पहिल्यापासून.

विंडोज व्हिस्टापासून डिस्कच्या कामालाही प्राधान्यक्रम असतो, इंडेक्सरसारखी पाठीमागची कामं खालच्या प्राधान्याने चालतात, म्हणजे तत्त्वतः कोरलला आधी वाट मिळायला हवी. पण बाहेरून टाकलेले क्लीनर आणि बॅकअपवाले हे पाळतीलच असं नाही.

आता सकाळचं. रात्री दुकान बंद करताना मेन स्विचच बंद करता ना? विंडोजची आपोआप देखभाल मुळात रात्री २ वाजता ठरलेली असते. स्कॅन, डिस्क ऑप्टिमाइझ, अशी बरीच कामं त्यात येतात. पीसी बंद असला की ती चुकतात आणि पीसी चालू होऊन जरा रिकामा दिसला की मागचं सगळं काढायला बसतात. म्हणजे तुम्ही चालू करून चहा सांगता, पीसीला वाटतं मोकळा वेळ आहे. ही वेळ बदलता येते, कंट्रोल पॅनेलमध्ये सिक्युरिटी अँड मेंटेनन्समध्ये आहे, दुपारी जेवायला जाता ती वेळ टाका आणि तेव्हा पीसी चालू ठेवून जा.

इंडेक्सरबद्दल एक प्रश्न. मुळात तो डी ड्राइव्ह बघत नाही, तुमच्या यूजर फोल्डरपुरता असतो. सर्चच्या सेटिंगमध्ये कोणी 'एन्हान्स्ड', म्हणजे सगळा पीसी शोधायचा, असं केलंय का?

छपाईवाला
हो ताई, मीच केलंय, जुन्या पत्रिका पटकन सापडाव्यात म्हणून. मेन स्विच रोज बंद, बरोबर ओळखलंत.

नीलांबरी
मग ते परत 'क्लासिक' करा. जुन्या पत्रिका शोधायचं नंतर बोलू, त्याला याहून चांगला रस्ता आहे. क्लीनर काढून टाका, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) साफ करून पीसी फास्ट होतो यात तथ्य नाही. काढल्यावर टास्क शेड्युलरमध्ये जाऊन त्याची एखादी नोंद राहिलीय का तेही बघा, असे प्रोग्रॅम तासातासाला स्वतःला उठवायची सोय करून ठेवतात. क्लाउड बॅकअपला वेळ ठरवून द्यायची सोय असते, दुकान चालू असताना बंद आणि संध्याकाळी शेवटचं काम झाल्यावर चालू.

डिफेंडरला मात्र हात लावू नका. मला माहितीय की आता कोणीतरी सांगेल डी ड्राइव्हच एक्सक्लुजनमध्ये (न तपासायच्या यादीत) टाका म्हणून. डीटीपीच्या दुकानात दिवसभर परक्या पेनड्राइव्ह येतात, त्यातल्या फायली तुम्ही डी वरच उतरवता, तिथेच संरक्षण काढलं तर कठीण होईल. ठरलेल्या स्कॅनने सीपीयू किती घ्यावा याची मर्यादा पॉवरशेलमधून (विंडोजच्या कमांड द्यायच्या खिडकीतून) कमी करता येते, मुळात ती ५० टक्के असते. पण ती फक्त ठरलेल्या स्कॅनला लागू पडते, फाइल उघडताना होणाऱ्या तपासणीला नाही.

मनमाडकर
डी ड्राइव्ह एक्सक्लुजन हेच लिहायला आलो होतो 😀 नाही लिहीत. पेनड्राइव्हच्या शॉर्टकट व्हायरसने आमच्या झेरॉक्सवाल्याचं सगळं काउंटर बसवलं होतं ते आठवलं.

सरकिट
नीलांबरीताईंचं सगळं पटलं, पण मला ती ३०००ची उडी सतावतेय. गर्दीमुळे रिस्पॉन्स टाइम २००-५०० पर्यंत जातो हे समजू शकतो. मधेच ३ सेकंद एका वाचनाला लागतात म्हणजे डिस्क एखादा सेक्टर परत परत वाचायचा प्रयत्न करत असणार. आणि डिस्क तशी अडली की मागची सगळी रांग उभी राहते, मग त्यात कोरल असो नाहीतर विंडोज स्वतः.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते उघडून ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींचे 'रॉ व्हॅल्यू' सांगा. ०५ म्हणजे बदली केलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे अडकून राहिलेले, सी६ म्हणजे सुधारता न आलेले. एक लक्षात ठेवा, तिथले आकडे मुळात हेक्साडेसिमलमध्ये दिसतात, सेटिंगमधून दशमान करता येतात. शिवाय इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टम लॉग उघडून 'डिस्क' या सोर्सच्या नोंदी बघा, ७ नंबर म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे काम परत करून बघावं लागलं.

रानवारा
मधेच घुसतोय, क्षमा असावी, पण माझं थोडं वेगळं आहे. लॅपटॉपला एसएसडी आहे, डिस्क शांत, पण काही न करता फॅन बोंबलत असतो. टास्क मॅनेजर उघडला की क्षणभर सीपीयू ९५ दिसतो आणि लगेच ५ टक्क्यांवर येतो. बंद केला की परत फॅन सुरू. कोण आहे तेच दिसत नाही.

नीलांबरी
रानवारा, उघडताना क्षणभर सीपीयू चढणं हे नेहमीचं आहे, टास्क मॅनेजर स्वतः पण थोडा खातो. पण बंद केल्यावर दर वेळी फॅन परत चढत असेल तर मला मायनरचा संशय येतो. दुसऱ्याच्या सीपीयूवर क्रिप्टो नाणी काढणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडला की स्वतःला थांबवतात, ही त्यांची जुनी सवय आहे. मोनेरो हे नाणं त्यांना आवडतं कारण त्याची गणितं मुद्दाम साध्या सीपीयूला जमतील अशी ठेवलीत, ग्राफिक कार्ड लागत नाही.

एक विचारते, विंडोज किंवा ऑफिस ॲक्टिव्हेट करायला कुठलं ॲक्टिव्हेटर वापरलंय का? बहुतेक वेळा तिथूनच आत येतात. प्रोसेस एक्सप्लोररने (टास्क मॅनेजरसारखंच पण जास्त माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) बघा, त्याच्या फाइलचं नाव बदलून चालवा म्हणजे लपणाऱ्याला ओळखता येत नाही. प्रत्येक प्रोसेसची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि तिच्यावर सही कोणाची आहे हे त्यात दिसतं. एसव्हीसीहोस्ट नावाची प्रोसेस विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधूनच चालली पाहिजे, ॲपडेटा किंवा टेम्पमधून चालत असेल तर ती विंडोजची नाही. सापडलं तर नुसतं डिलीट करून समाधान मानू नका, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा, आणि खरं सांगायचं तर विंडोज नव्याने टाका आणि दुसऱ्या मशीनवरून सगळे पासवर्ड बदला, बँकेचे आधी.

सरकिट
प्रोसेस एक्सप्लोरर आणि त्याच घरातलं ऑटोरन्स ही दोन्ही कायम पेनड्राइव्हमध्ये असावीत. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये सिसइंटर्नल्स सुरू केलं, २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतलं, पण अजून फुकट आहे आणि इन्स्टॉल पण करावं लागत नाही. विंडोज सुरू होताना काय काय आपोआप चालू होतं याची ऑटोरन्स इतकी पूर्ण यादी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये मिळत नाही.

पेंग्विनप्रेमी
लिनक्स टाका म्हणणार नाही कारण कोरल चालणार नाही. पण लिनक्सवाल्या वाचकांसाठी सांगतो, हे सगळं तिकडेही होतं. नोम डेस्कटॉपमध्ये ट्रॅकर (आता त्याचं नाव लोकलसर्च), केडीई डेस्कटॉपमध्ये बलू, दोघंही इंडेक्सरच. टॉप या कमांडमध्ये लोड ॲव्हरेज उंच पण सीपीयू रिकामा असेल तर 'डब्ल्यूए'चा आकडा बघा, म्हणजे सीपीयू डिस्कची वाट बघत बसलाय. कोण ते आयोटॉपने कळतं.

सातवाहन
माझ्या लॅपटॉपचा सीपीयू नुसता ब्राउझर उघडला तरी १०० टक्के. कुठलीच प्रोसेस एकटी जास्त खात नाही, सगळ्याच थोडं थोडं खातात. मायनर असेल का?

सरकिट
सातवाहन, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर 'स्पीड' किती दिसतो?

सातवाहन
०.७८ गिगाहर्ट्झ. कायम तोच.

सरकिट
मग मायनर नाही. सीपीयूला कोणीतरी बांधून ठेवलंय. एक तर उष्णतेमुळे स्वतःला वाचवायला वेग कमी केलाय, म्हणजे फॅनमध्ये धूळ किंवा सीपीयूवरची पेस्ट सुकलेली, नाहीतर चार्जर ओळखला जात नाहीये. काही लॅपटॉप चार्जर मूळचा नसला की मुद्दाम वेग पाडतात. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघा, वेग वाढला तर चार्जर.

सातवाहन
काढला, २.४ गिगाहर्ट्झवर गेला!! बाजारातून घेतलेला चार्जर होता. धन्यवाद दादा, मी उगाच प्रोसेस मारत बसलो असतो.

छपाईवाला
सरकिट दादा, ०५ च्या पुढे ० नाहीये, दशमान करून १८४ आलं. सी५ ला ४०, सी६ ला पण ४०. वर पिवळ्या रंगात 'कॉशन' लिहिलंय. इव्हेंटमध्ये ७ आणि १५३ दोन्ही भरपूर आहेत. क्लीनर काढला, सर्च क्लासिक केलं, बॅकअपला वेळ लावली, त्याने सकाळचं बऱ्यापैकी कमी झालं खरं पण अधूनमधून थिजतो तो थिजतोच. आता काय करू?

सरकिट
आता डिस्क बदलायचीच. त्याआधी नीट वाचा, क्रम महत्त्वाचा आहे.

चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं) चालवू नका, डीफ्रॅग (फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारं) तर अजिबात नको. दोन्हीत सगळी डिस्क घासून निघते आणि जी थोडी ताकद राहिलीय ती त्यात जाईल. विंडोज साध्या डिस्कला ठरलेल्या वेळी आपोआप डीफ्रॅग लावतं, 'ऑप्टिमाइझ ड्राइव्हज'मध्ये जाऊन ते वेळापत्रक बंद करा, आणि वर ताईंनी सांगितलेल्या देखभालीची वेळ बदलायचं काम आता सोडून द्या. बाहेरची डिस्क आणा, दुसरी चांगली. आधी तेच उचला जे परत मिळणार नाही, म्हणजे चालू ऑर्डरच्या फायली, मग या दोन-तीन वर्षांच्या पत्रिका, मग फाँटचं फोल्डर, मग बाकीचं. एखाद्या फाइलवर अडलं तर तिथे वाट बघत बसू नका, ती वगळून पुढे जा, अडलेल्यांची यादी करा आणि सगळं झाल्यावर शेवटी त्यांच्याकडे परत या. क्लाउडवर जे आधीच गेलंय ते तिथून नंतर उतरवता येईल, म्हणून कॉपी चालू असताना बॅकअपचं सॉफ्टवेअर पूर्ण बंद ठेवा, नाहीतर खराब झालेली प्रत वरच्या चांगल्या प्रतीवर जाऊन बसायची.

मेकॅनिकने 'क्लोन करून देतो' म्हटलं तर नको म्हणा. अडकलेल्या सेक्टरवर साधा क्लोन बंद पडतो नाहीतर बिघडलेली विंडोज नव्या डिस्कवर तशीच येते. नवीन एसएसडीवर विंडोज स्वच्छ टाका.

अण्णा_बार्शी
म्हणजे एसएसडीच. पण बॅकअप आधी, हे सरकिटनी बरं केलं सांगितलं. मी थेट बदलायला सांगितलं असतं.

नीलांबरी
नवीन विंडोज टाकताय तर दोन गोष्टी. चौथ्या जनरेशनचा सीपीयू विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. दुकानाचं मशीन आहे, बँकेचे व्यवहार त्यावर करू नका आणि पुढच्या हंगामापर्यंत मशीन बदलायचा विचार ठेवा. एसएसडी आणि बाहेरची डिस्क नवीन मशीनला जशीच्या तशी चालेल, ते पैसे वाया जात नाहीत.

दुसरं फाँटचं. हजारो फाँट सगळेच्या सगळे विंडोजमध्ये इन्स्टॉल करू नका. विंडोजची फाँट कॅश सर्व्हिस त्या सगळ्यांची नोंद ठेवते आणि कोरल, फोटोशॉप उघडताना ती यादी चाळली जाते, उशीर लागतो तो तिथेही लागतो. रोजचे लागणारे शंभर-दीडशे इन्स्टॉल करा, बाकी फोल्डरमध्ये ठेवा. कोरलच्या अलीकडच्या आवृत्त्यांसोबत फाँट मॅनेजर येतो, त्यातून फोल्डरमधले फाँट इन्स्टॉल न करता बघता येतात.

छपाईवाला
झालं एकदाचं. बहुतेक सगळं निघालं, काही जुन्या फायली अडल्या त्यातल्या बऱ्याच क्लाउडवरून मिळाल्या. ५०० जीबी एसएसडी टाकली, विंडोज नवीन. कोरल उघडतं कधी ते कळत नाही इतकं पटकन. रिस्पॉन्स टाइम आता १ मिलिसेकंदाच्या पण आत. फ्लेक्स सेव्ह करताना डिस्क क्षणभर वर जाते आणि खाली येते.

पण सीपीयू अजून २५-३० टक्क्यांवर बसून आहे, काही उघडलेलं नसताना. डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट नावाची प्रोसेस आहे. हे काय असतं?

नीलांबरी
छान झालं! डब्ल्यूएमआय ही मधली खिडकी आहे, दुसरे प्रोग्रॅम तिच्याकडे जाऊन पीसीची माहिती विचारतात, प्रिंटर जोडलाय का, बॅटरी किती, डिस्क किती भरली. ती स्वतःहून काम काढत नाही, तिला कोणीतरी सारखं विचारतंय. ती बंद करू नका, विचारणारा शोधा. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्समध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, मग डब्ल्यूएमआय ॲक्टिव्हिटी, ऑपरेशनल. तिथल्या नोंदींमध्ये 'क्लायंट प्रोसेस आयडी' असा नंबर असतो. तोच नंबर टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये पीआयडीच्या रकान्यात शोधा.

माझा अंदाज प्रिंटरच्या सॉफ्टवेअरवर आहे, पण बघूनच ठरवा.

छपाईवाला
प्रिंटरचंच निघालं ताई! शाई किती उरली ते दाखवणारा त्यांचा छोटा मॉनिटर. तो स्टार्टअपमधून काढला, ड्रायव्हर तसाच ठेवला. सीपीयू आता २-३ टक्के. प्रिंट व्यवस्थित निघतेय.

गुरुजी_मावळ
आमच्याकडे एका मशीनमध्ये ४ जीबीची अजून एक पट्टी टाकून बघितली. हार्ड फॉल्टचा आलेख खाली आला आणि ते मशीन आता पहिल्या तासाला अडत नाही. बाकीच्यांसाठी मुख्याध्यापकांकडे अर्ज देतोय, अर्जाला दोन्ही मशीनच्या आलेखांचे फोटो जोडणार आहे. सकाळी सगळी एकदम अपडेट उतरवतात त्याचं काय करावं?

सरकिट
गुरुजी, सेटिंगमध्ये 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' आहे, तिथे लोकल नेटवर्कवरच्या पीसींकडून घ्यायची परवानगी द्या, म्हणजे एका मशीनने उतरवलेलं बाकीची त्याच्याकडून घेतात आणि शाळेच्या नेटवर ताण येत नाही. पण बसवायचं काम प्रत्येक डिस्कलाच करावं लागतं, म्हणून 'ॲक्टिव्ह अवर्स' शाळेच्या वेळेला लावा, निदान मधेच रिस्टार्ट होणार नाहीत, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर सगळी तासभर चालू ठेवा.

छपाईवाला
नीलांबरीताई, जुन्या पत्रिका शोधायचा रस्ता सांगणार होतात.

नीलांबरी
हो, राहिलंच. 'एव्हरीथिंग' नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. ते फाइलच्या आत बघत नाही, एनटीएफएसच्या मुख्य यादीतून फक्त नावं उचलतं, त्यामुळे लाखो फायली असल्या तरी टाइप करता करता यादी समोर येते आणि डिस्कवर भार जवळजवळ नाही.

आणि तुमच्या कामात विंडोजच्या इंडेक्सचा फारसा उपयोग नव्हताच. सीडीआर फाइलच्या आतला मजकूर त्याला सहसा वाचता येत नाही. वाचता आला असता तरी जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये नाहीत ना? जुन्या मराठी फाँटमध्ये आपल्याला दिसतं 'चि. सौ. कां.' पण फाइलमध्ये त्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात, म्हणून 'कुलकर्णी' शोधून ती पत्रिका कधीच सापडली नसती. तुमच्याकडे शोधता येण्यासारखं एकच आहे, फाइलचं नाव.

छपाईवाला
अरे देवा, म्हणूनच सापडत नव्हत्या होय. नावं म्हणाल तर 'नवीन१', 'नवीन१ फायनल', 'फायनल करेक्शन' अशीच आहेत सगळी.

मनमाडकर
भाऊ आमच्याकडे ऑर्डर घेतानाच फाइलला नाव देतात, आडनाव, गाव, लग्नाची तारीख, युनिकोडमध्ये. पोरगा कामाला असला तरी त्याला पण सापडतं.

छपाईवाला
हे आवडलं. आजपासून नवीन ऑर्डर तशाच, आणि जुन्यांना पावसाळ्यात काम कमी असतं तेव्हा एकेक उघडून नावं देणार. एव्हरीथिंग टाकलंय, नुसतं 'फायनल' टाकलं तर यादी संपतच नाही.